एक पहिलं, एक दुसरं

काटेवाल्यांना कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की ते दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर, आणि डोळे बारीक करून कुठला तळवा खाली जातोय ते बघायचे. सारा जन्म तराजू दुरुस्त करण्यात गेलेला. किराणावाल्यापासून सोनारापर्यंत बाजारातल्या सगळ्यांचे काटे त्यांच्या हातून सरळ होऊन जायचे, आणि सरळ काट्याची सवय एकदा लागली की ती दुकानापुरती राहत नाही. दुकान पुतण्याच्या ताब्यात देऊन मोकळे झाले तरी तळवे काही मोकळे झाले नव्हते.

त्या सकाळी त्यांच्यावर रेल्वेचे दोन वर्ग होते. उजव्यावर पहिला, डाव्यावर दुसरा.

"पहिल्यात गादी," काटेवाले म्हणाले. "दार लावून घेता येतं. कोणाचं कोपर लागत नाही."

"दुसऱ्यात खिडकी उघडते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. प्रवासाला निघायच्या आधी एका शिंप्याच्या कोटाची शेवटची काजं उरकून टाकायची होती.

वहिनी म्हणजे काटेवाल्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची आणि शिंपीलोक काजवाल्या वहिनी, कारण चांगल्या कोटांची काजं त्या घरी बसून हातानं करायच्या. आधी कापडाला चीर द्यायची, मग ती उसवू नये म्हणून कडेकडेनं टाके घालत बसायचं, असं ते काम. उलट्या क्रमानं केलं तर कुणाला जमत नाही आणि या क्रमानं केलं तर बघणारा डोळे मिटून घेतो.

"खिडकी पहिल्यातही उघडते."

"पहिल्यात काच असते. आपलंच तोंड बघत बसा."

काटेवाल्यांना वाटलं, बायको काटकसर करतेय. जन्मभर माणसांच्या हातचे काटे बघितले, पण घरातल्या काट्याची सुई कुठं अडकलीय ते त्यांना कळलं नाही. बहुतेक नवऱ्यांचं असंच असतं. बाहेर हुशारी इतकी खर्च होते की घरी येईस्तोवर शिल्लक काही राहत नाही.

वहिनी दुसरेपणाच्या, पहिली लहान वयातच गेलेली. यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि काटेवाल्यांनी ते कधी लपवलंही नाही, अडचण नेमकी तीच होती. कुणी वहिनींकडे जरा प्रश्नार्थक बघितलं की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "ही दुसरी." दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, घरात नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "नळ पण दुसराच बसवावा लागेल." यात कुचकेपणा मुळीच नव्हता. पाऊण किलोला किलो म्हणायचं नाही, आणि दुसरीला नुसतं बायको म्हणून समोरच्याचा गैरसमज करून द्यायचा नाही, एवढाच त्यांचा हिशेब. प्रामाणिक माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय ते वहिनींना विचारा.

आता प्रश्न घराचा होता. तळ्याकाठी एक गाव होतं. लग्न झाल्यावर काटेवाले पहिलीला घेऊन तिथं गेले होते, पहिल्या वर्गानं. दुकानातून मोकळं झाल्यावर आपण त्याच गावी भाड्यानं घर घेऊन राहायचं, असं त्यांनी मनाशी योजलं होतं. घर पत्रावर ठरतही आलं होतं. फक्त वहिनींनी एकदा बघून हो म्हणायचं होतं. "तू नाही म्हणालीस तर नाही," असं ते म्हणाले होते आणि ते खरंच तसं वागले असते. पण वहिनींना 'नाही' कशाच्या जोरावर म्हणायचं ते सापडत नव्हतं. तळं काय वाईट असतं? हवा काय वाईट असते? पहिलीच्या आठवणीत आपण भाडेकरू म्हणून राहायला चाललोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या प्रवासाची गोष्ट वहिनींनी इतक्यांदा ऐकली होती की मधेच काटेवाले अडले तर त्या पुढचं वाक्य पुरवायच्या. डब्यात दोघंच. बाहेर धुकं. काटेवाल्यांच्या कोटाचं बटण लोंबकळत होतं, ते तिनं तिथंच गाडीत शिवलं आणि अगदी छातीशी वाकून दोरा दातानं तोडला. इथं काटेवाले नेहमी सदऱ्याचं बटण चाचपायचे. वहिनींना तळ्याचं काही वाटत नव्हतं, गादीचं तर नाहीच. पण हे बटण त्यांना लागायचं. दुनियेच्या कोटांची काजं आपण करायची, आणि गोष्टीत बटण लावणारी मात्र दुसरीच कुणी. म्हणजे पहिली.

स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी रांग होती. काटेवाले वहिनींना बाजूला उभं करून पुढे गेले. काचेपलीकडचा तिकीटबाबू तोंडातल्या तोंडात बोलायचा आणि काचेला भोक होतं ते नेमकं त्याच्या गळ्यातल्या टायपाशी.

"दोन द्या. तळ्याचं गाव," काटेवाले म्हणाले.

"पहिलं की दुसरं?"

काटेवाल्यांनी तळवे पुढे केले. मागचा माणूस म्हणाला, "अहो काका, तिकीट काढताय की आशीर्वाद देताय?"

"पहिलं, पहिलं," काटेवाले घाईनं म्हणाले.

बाबूनं मान वाकडी करून वहिनींकडे बघितलं. एक की दोन्ही, एवढंच त्याला पक्कं करून घ्यायचं होतं. "आणि ह्या? ह्याही पहिल्या?"

"नाही, नाही," काटेवाले म्हणाले. "ही दुसरी."

बाबूनं दोन वेळा ठप्पा मारला आणि दोन तिकिटं सरकवली. एक पहिल्याचं, एक दुसऱ्याचं. काटेवाल्यांनी ती फलाटावर येऊन डोळ्यांपाशी धरली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"काय केलंन् हे त्यानं?"

वहिनींनी बघितलं. "तुम्ही मागितलंत तेच दिलंन्."

"मी कधी मागितलं?"

"चोख माप दिलंय. एक पहिलं, एक दुसरं."

परत जाऊन बदलायचं तर रांग शेपटासारखी वाढलेली, आणि गाडी तर फलाटाला लागून फुसफुसतही होती. काटेवाल्यांचा चेहरा पडला. "चूक माझी. तू बस पहिल्यात."

"दोघंही दुसऱ्यात बसू की."

"आणि ही जागा रिकामी न्यायची? दाम मोजलेत."

"मग तुम्ही बसा."

"मी एकटा पहिल्यात बसून काय करू? मला सवय नाही." ते अगदी कळवळून म्हणाले. वहिनींच्या मनात आलं, सवय कशी नाही, मोठी गोष्ट सांगता ती! पण गार्डनं शिट्टी फुंकली, आणि आलेला राग पाऊल उचलायला बरा पडतो. "बसा म्हणता ना? बसते," म्हणून त्या चढल्या.

डब्यात कोणी नव्हतं. समोरासमोर दोन गाद्यांचे बाक, निळसर कापड, डोकं टेकायच्या जागी पांढरा रुमाल. दार ओढलं तसं गाडीचं खडखडणं लांब गेलं, दुसऱ्या कुणाच्या घरात शिवणाचं मशीन चालावं तसं. बाहेर खरोखरच धुकं होतं. झाडं उभी राहायची, पुसली जायची. काचेत वहिनींचं तोंड तरंगत होतं आणि त्यातून एक कुंपण, मग एक गाय, मग एक पूर्ण शेत संथपणे निघून जात होतं. त्यांना वाटलं, आपल्यातून असं काय काय जातं आणि आपल्याला टोचतही नाही.

डोळे जड झाले. समोरच्या रिकाम्या गादीवर पहिली येऊन बसली.

घरात तिचा एकच फोटो होता. त्यात ती मान तिरकी करून बसलेली, तशीच इथंही बसली. वहिनींना आश्चर्य वाटलं नाही. तिचीच जागा, ती येणारच.

"अजून घोरतात?" पहिलीनं विचारलं.

"कुशीवर वळवलं की थांबतात."

"असं होय? मला सुचलंच नाही." पहिली खिडकीकडे बघत राहिली. ती वहिनींपेक्षा पुष्कळच लहान होती, जवळजवळ मुलगीच. तिच्या पदराला फाटलेल्या जागी टाचणी लावलेली होती. वहिनींच्या बोटांना चैन पडेना. सुई आहे पिशवीत, आण इकडे, दोन टाके घालून देते, असं त्या म्हणणार तेवढ्यात गाडी हिसका देऊन थांबली, दार सरकलं, आणि संत्र्यांची पिशवी घेतलेली एक जाडजूड बाई आत येऊन थेट पहिलीच्या मांडीवर बसली.

"इथं कोणी नाही ना?" बसल्यावर तिनं विचारलं.

"नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

बाई दातांच्या डॉक्टरांची बायको होती. हे तिनं गाडी सुटायच्या आधीच सांगून टाकलं. शिवाय, डॉक्टर प्रवासात तिला गोड खाऊ देत नाहीत म्हणून ती एकटी प्रवास करते, हेही. अशी माणसं स्वतःचं आधी देऊन टाकतात आणि मग तुमचं वसूल करायला मोकळी होतात.

"एकट्याच?"

"नाही. हे आहेत ना, मागं."

"मागं?"

गाडी पुलावर चढली. लोखंडाचा गजर सुरू झाला. "दुसऱ्यातले!" वहिनी मोठ्यानं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तेवढंच ऐकलं. त्यांनी संत्रं सोलणं थांबवलं आणि आवाज एकदम मऊ केला. "दुसरे होय. अगंबाई. आणि मग... पहिले?"

वहिनींनी खुलासा करायला तोंड उघडलं. पूल संपला. आवाज गळून पडला, बाहेर नदीचं पाणी धुक्यात मिसळून सगळं एकच पांढरं झालं होतं, आणि त्या पांढऱ्यात दूर कुठंतरी एक दिवा दिसल्यासारखा झाला. नसेलही.

"पहिले दीपगृहावर होते," वहिनी म्हणाल्या.

चीर पडली. आता टाके घालणं आलं.

"समुद्रावर?"

"समुद्रातच म्हणा. खडकावर. होडीनं जावं लागायचं." होडीत वहिनी जन्मात बसल्या नव्हत्या. "फार जिने. चढून चढून पाठीत वाकले होते. पण उंच."

"देखणे?"

"नीटनेटके." वहिनी विचारात पडल्या. एक अख्खा नवरा उभा करायचा म्हणजे थट्टा नव्हे. नाक हवं, सवयी हव्यात, खोकला हवा. त्या डोळे मिटून बघू लागल्या आणि तो त्यांना दिसायला लागला. "टेबलावर वस्तू ठेवली की खाली वाकून, एक डोळा मिटून बघायचे, सरळ आहे का. उठायच्या आधी दोन्ही गुडघे चोळायचे. मी कामात असले की दिवा सरकवून माझ्या बाजूला करायचे, पण बोलायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांच्या लक्षातच नाही, दिवाच आपोआप सरकतो."

"किती माया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि संत्र्याची फोड वहिनींच्या हातावर ठेवली. "आणि दुसरे? ते कसे?"

"ते..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या.

दुसऱ्याला द्यायला काहीच उरलं नव्हतं. गुडघे चोळणं, एक डोळा मिटणं, दिवा सरकवणं, सगळं त्यांनी दीपगृहवाल्याला घालून टाकलं होतं. एकच माणूस ठाऊक असल्यावर दुसरं माप आणायचं कुठून? पहिला म्हणून जो उभा केला तो दुसराच होता, नुसता थोडा उंच केलेला.

आणि मग बाहेरचं धुकं जरासं फाटलं, तसं त्यांच्या मनात एक गोष्ट उघडी पडली. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा उशांचे अभ्रे, पडदे, काटेवाल्यांच्या सदऱ्याची कॉलर, सगळं टाचण्यांनी जोडलेलं होतं. आठवडाभर टाचण्या काढत होत्या. पहिलीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. सासूबाईच सांगायच्या, गुणाची होती, पण सुई दिसली की पळायची. मग त्या गाडीत बटण कुणी लावलं? छातीशी वाकून दोरा दातानं कोण तोडतं? असं तर घरात रोज, कितीतरी वर्षं, एकच बाई करत आली होती.

काटेवाल्यांनाही माप आणायला दुसरं ठिकाण नव्हतं. त्यांनी पहिलीची गोष्ट सांगता सांगता तिच्यात दुसरी भरून टाकली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. एवढा चोख माणूस!

वहिनी हसायला लागल्या, तोंडावर हात घेऊन. डॉक्टरीणबाईंना वाटलं रडतायत. त्यांनी आणखी दोन संत्री पुढे केली.

मधल्या एका स्टेशनावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी गाडी थांबून राहिली. धुकं उतरून ऊन मऊसर पिवळं झालं होतं. काटेवाले चहाचे दोन कप घेऊन, एकही थेंब सांडू न देता फलाटावरून येताना दिसले. खिडकीशी येऊन त्यांनी कप वर धरले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. "हेच का दुसरे?"

"हेच," वहिनी म्हणाल्या.

"वाटलं होतं त्यापेक्षा बरे आहेत." मग खिडकीतून वाकून त्या काटेवाल्यांना म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. पहिल्याची सर कुणाला येत नाही, पण तुम्हीसुद्धा काही वाईट नाही."

काटेवाल्यांच्या हातातला चहा पहिल्यांदाच सांडला.

"येते," म्हणून वहिनींनी पिशवी उचलली आणि खाली उतरल्या.

"अगं, जागा?"

"राहू दे रिकामी. चला तुमच्यात."

दुसऱ्या वर्गात लाकडी बाकावर एक ताई आपल्या बाळाला मांडीवर थोपटत होती आणि एक सुतार करवत पायांत धरून झोपला होता. काटेवाल्यांनी आपल्या शेजारी उपरणं पसरून ठेवलं होतं, कोण येणार म्हणून कोण जाणे. ते त्यांनी उचललं. खिडकी खरंच उघडी होती. गाडी सुटल्यावर त्यांनी उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग खाकरले.

"ती बाई कुठल्या पहिल्याबद्दल बोलत होती?"

"होता एक. दीपगृहावर."

"दीपगृहावर?" काटेवाले म्हणाले. "तू लग्नाआधी भावाच्या घरी काजं करत होतीस. तिथं नदीसुद्धा नाही."

"नसेल."

"मग?"

"मग काय? होता."

काटेवाल्यांना कळत होतं की असा कोणी नाही. असणं शक्य नाही. सुतारालाही झोपेत कळलं असतं. पण कळणं एका तळव्यावर आणि जे काही आत दुखत होतं ते दुसऱ्यावर, आणि दुसरा खाली चालला होता.

"उंच होता?"

"तुमच्यापेक्षा चार बोटं."

"चार?" ते जरा ताठ बसले. "आणि... चांगला होता?"

"फार."

"मग मी काय?"

"तुम्ही दुसरे," वहिनी सहज म्हणाल्या. "आहे ते सांगायला नको का? उगीच समोरच्याचा गैरसमज."

सुताराची करवत डब्याच्या हेलकाव्यानं बारीक वाजत राहिली. काटेवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग हातांकडे, मग पुन्हा बाहेर. एक लांबलचक माळ संथपणे फिरत मागं जात होता, जसं कुणी अख्खा गालिचा हळूहळू ओढून घेतंय.

"असं चारचौघांत नको म्हणूस मला," शेवटी ते म्हणाले. "दुसरे, दुसरे. बरं नाही वाटत. कुणाच्या जागेवर येऊन बसल्यासारखं वाटतं."

वहिनींनी मान वळवली. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आणि काटेवाल्यांचे कान हळूहळू, आधी कडेनं आणि मग सगळेच, लाल झाले.

"तुला कधीपासून असं वाटतंय?"

"पहिल्यापासून."

ताईच्या मांडीवरचं बाळ जागं झालं, सगळ्यांकडे एकदा बघून परत झोपलं.

"ते घर," काटेवाले म्हणाले, "तुला नको होतं."

"आता चालेल मला. खरंच चालेल. तळं असेल, वारा असेल."

"मला नाही चालणार." त्यांनी तळवे पुढे केले नव्हते, हात गुडघ्यांवरच होते. "पुढच्या स्टेशनावर उतरू."

"कुठलं आहे ते?"

"ठाऊक नाही."

"आपलं कोण आहे तिथं?"

"कोणी नाही. मी तर तिथं कधी उतरलोही नाही."

"आणि उरलेल्या वाटेचे पैसे?"

काटेवाल्यांची बोटं गुडघ्यावर पैसे मोजायला लागली. ती त्यांनी मिटून घेतली. "जाऊ दे," ते म्हणाले. या शब्दांची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जरा मोठ्यानं निघाले आणि सुतार जागा झाला.

स्टेशन छोटं होतं. एक बाक, एक घड्याळ, आणि एक रस्ता, जो उन्हात जाऊन वळत होता. गाडी त्यांना उतरवून निघाली. पहिल्या वर्गाचा डबा पुढं गेला तेव्हा खिडकीतून एक हात संत्र्यासकट हलला. काटेवाल्यांनी त्याला उत्तर दिलं नाही.

दारावरच्या तिकीट तपासनिसानं दोन्ही तिकिटं बघितली. "अहो, तुमचं गाव अजून पुढं आहे."

"असेल," वहिनी म्हणाल्या. "इकडे भाड्यानं घरं मिळतात का?"

तपासनिसानं टोपी मागं सारली. कोणी इथं असं विचारत नसावं. "आमच्या मेव्हण्याच्या दोन खोल्या आहेत खऱ्या. पण जमीन एका बाजूला उतरती आहे. चेंडू ठेवला तर आपला आपण कोपऱ्यात जातो."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. काटेवाल्यांनी एक डोळा मिटून समोरच्या रस्त्याचा उतार बघितला, आणि मग तोही उघडला.

"चला," ते म्हणाले, "कुठून जायचं?"